र आधी, व नंतर

एवढे तीन कधी नसतात. फाइल उघडल्याबरोबर अरुंधतीच्या डोळ्यांत भरले ते तीनच. नाव, गाव, वय, आणि शेवटच्या रकान्यात एक, एक, तीन, एक, तीन, तीन, एक. मध्येच एखादा दोन, वाट चुकून आलेल्या पाहुण्यासारखा. तिने चष्मा नाकावर नीट बसवला, माउसचं चाक फिरवलं. पारशिवनी तालुक्यातली गावंच्या गावं पडद्यावरून सरकत गेली आणि मानेच्या मागे, केसांच्या मुळाशी, तिला ओळखीची चुणचुण जाणवली. दुसऱ्याची चूक सापडली की तिथेच व्हायची ती. वाईट वाटत नसे. डिसेंबरातल्या उन्हाकडे पाठ करून बसल्यावर वाटतं तसं वाटे. तिने फाइल बंद केली, पुन्हा उघडली. तीन होते तिथेच होते.

संस्थेचं काम सिकलसेलच्या तपासणीचं. गावोगाव जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे, तपासायचे, आणि ज्याला त्याला निकालाचं कार्ड द्यायचं. निकाल तीनच. निरोगी. वाहक, म्हणजे दोष रक्तात आहे पण माणूस धडधाकट. आणि रुग्ण, म्हणजे ज्याच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, थंडीने, तहानेने, अंगमेहनतीने एकमेकींत अडकून बसतात, आणि मग हाडं अशी दुखतात की मोठा माणूस भिंतीवर डोकं आपटून घेतो. संस्था सुरू झाली तेव्हा या तिघांना आकडे दिले ते अरुंधतीनेच. निरोगी एक, वाहक दोन, रुग्ण तीन. रोग चढेल तसा आकडा चढेल, साधी गोष्ट. फील्डवरच्या माणसांना झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणून दाखवतील: एकाला पांढरं कार्ड, दोनाला पिवळं, तिनाला लाल. वाहक पुष्कळ निघतात, रुग्ण मोजके. आणि या फाइलीत दोन मोजके होते, तीन पुष्कळ.

म्हणजे दोनाचे तीन झाले होते आणि तिनाचे दोन. कसे, ते कळायला तिला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. संस्थेत नव्याने आलेल्या गौरांगने सगळं काम 'आर'मध्ये नेलं होतं. आर ही संगणकातली आकडेवारीची भाषा. नाव एका अक्षराचं, तोरा मात्र मोठा. तिच्यात शब्द दिसायला शब्द असतात, पण आतून ती त्यांना नंबर देऊन ठेवते, आणि कुठला आधी ते आपण सांगितलं नाही तर अक्षरांच्या क्रमाने लावून मोकळी होते. न, मग र, मग व. निरोगी एक, रुग्ण दोन, वाहक तीन. आरमधून एक्सेलची फाइल काढताना गौरांगने काहीतरी गफलत केली होती. शब्द आतच राहिले आणि त्यांचे नंबर तेवढे बाहेर पडले. य, र, ल, व. पहिलीतल्या पोराला येतं. र आधी, व नंतर. आकडे खोटे नव्हते. फक्त ते कोणत्या क्रमाने लावलेत हे फाइलीत कुठेही लिहिलेलं नव्हतं. वाचणारा जुन्या सवयीने वाचणार, धडधाकट माणसाच्या हातात लाल कार्ड ठेवणार आणि रुग्णाच्या हातात पिवळं.

काचेपलीकडे गौरांग बसला होता, कानात इअरफोन घालून, मान डोलवत. बेसातल्या या नव्या इमारतीत सगळ्या भिंती काचेच्या, त्यामुळे कोण काय करतंय ते दिसतं आणि काय म्हणतंय ते ऐकू येत नाही. उठून सांगायला हवं होतं. अरुंधतीने उठण्यासाठी टेबलाला हात टेकलाही. टेकलेल्या हाताकडे ती बघत राहिली. हाताच्या शिरा वर आल्या होत्या, नखाजवळ कात्रीचा जुना व्रण होता. मग ती पुन्हा बसली आणि खुर्ची थोडी पुढे ओढून घेतली.

गौरांगमध्ये द्वेष करण्यासारखं काही नव्हतं, हीच खरी अडचण होती. उद्धट असता तर तिला झोप लागली असती. तो दार उघडून धरायचा, तिच्या डब्यातली मेथीची भाजी मागून खायचा, वाढदिवसाला आठवणीने केक आणायचा. आल्या आल्या त्याने तिचे तक्ते बघायला मागितले. तिने वर्षानुवर्षं एकेक करून बसवलेली सूत्रं होती ती. एकाला धक्का लागला की दुसरं रडायचं, आणि कुणाला कुठे थोपटायचं ते तिलाच ठाऊक. पुढच्याच आठवड्यात तो तिच्या टेबलापाशी आला, लॅपटॉप तिच्याकडे वळवला, आणि मूल चित्र दाखवतं तशा आनंदाने म्हणाला, "मॅडम, बघा ना, तुमचं पूर्ण काम बारा ओळींत होऊन राहिलं!" त्याला वाटलं तिला आनंद होईल. तिने "अरे वा" म्हटलं. ते 'अरे वा' घशातून कसं वर आलं ते तिला अजून आठवतं, औषधाच्या मोठ्या गोळीसारखं, पण उलट्या दिशेने. तिचे तक्ते त्याने टाकून दिले नाहीत. जपून ठेवले. सगळ्यांच्या सामाईक ड्राइव्हवर एक फोल्डर केला आणि त्याला नाव दिलं 'अरुंधती ओल्ड'. रोज सकाळी संगणक सुरू केला की ते नाव तिला दिसायचं. कुणीही हसलं नाही. हसण्यासारखं त्यात काही आहे हेही कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि तिच्याकडे काम काय उरलं, तर गौरांगने काढलेल्या फाइलीवर नजर टाकणं. आजच्या मेलमध्येही तेच: मॅडम, जस्ट एकदा नजर टाकून द्या ना.

शुक्रवारी पुण्याहून देणगीदार यायचे होते. संचालक उत्तराबाईंनी गौरांगला सांगून ठेवलं होतं, सगळं तूच दाखव, पडद्यावर, लाइव्ह. म्हणजे हीच फाइल भिंतीएवढी होऊन त्या सगळ्यांसमोर उभी राहणार. आणि मग अरुंधती हात वर करणार. मोठ्याने नाही, हळूच, विचारल्यासारखं. गौरांग, हे तीन इतके कसे रे? ती त्याच्याकडून एकेक अक्षर म्हणवून घेणार. न नंतर काय येतं? र आधी की व आधी? तिला त्याचा चेहरा दिसू लागला, गालावरचा रंग उतरत जाणारा, आणि तिला भूक लागल्यासारखं झालं. खरोखरची भूक, पोटातली. तिने मेलला उत्तर लिहिलं, एकच शब्द: मिळाली. 'पाहिली' नाही लिहिलं, 'ठीक आहे' नाही लिहिलं. खोटं कशाला लिहायचं?

अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वडील संध्याकाळी आरामखुर्चीत बसून तिच्याकडून पाढे म्हणवून घ्यायचे. रेल्वेत ते हिशेब तपासनीस होते. दिवसभर लोकांच्या चुका काढून घरी यायचे, तरी भूक शिल्लक असायची. एकदा एकोणतीसचा पाढा म्हणताना ती सत्तेला दोनशे तीनऐवजी दोनशे तेरा म्हणाली. वडिलांनी डोळे मिटलेले होते. ते म्हणाले, "छान. पुढे." दुसऱ्या दिवशी घरात पाहुणे. वडिलांनी तिला बोलावलं, सगळ्यांसमोर उभं केलं, एकोणतीसचा पाढा म्हण म्हणाले. दोनशे तेराला काका फिस्सकन हसला. मामेभाऊ तर लोळलाच. तिने वडिलांकडे पाहिलं आणि तिला कळलं की त्यांना काल संध्याकाळपासूनच ठाऊक होतं. ते रात्री जेवले, झोपले, सकाळी ऑफिसला गेले, आणि एवढा वेळ ती चूक त्यांनी खिशातल्या लवंगेसारखी जपून ठेवली होती. "काल सांगितलं असतं तर विसरली असती," ते पाहुण्यांना म्हणाले. "चूक भोगली की लक्षात राहते. आता विसरते का बघा." नाही विसरली. वडिलांचं तिच्यावर प्रेम होतं याबद्दल तिला कधी शंका आली नाही. शंका आली असती तर बरं झालं असतं.

"मॅडम, येऊ का?" दारात शालिकराम उभा होता, हातात कापडी पिशवी. पारशिवनीकडच्या गावांचं फील्डचं काम तोच बघायचा. नमुने तोच आणायचा, कार्डंही त्याच्याच हातून वाटली जायची. संस्थेच्या पहिल्या दिवसापासूनचा माणूस. "तुरीच्या शेंगा आनल्या तुमच्यासाठी. घरच्या हायेत. मीठ टाकून उकडा फक्त."

"कशाला आणता हो दरवेळी," अरुंधती म्हणाली आणि पिशवी घेतली.

"असू द्या जी. गौरांगसर म्हनले, मॅडमकडं फाइल हाय, तिथूनच प्रिंट घ्या. उद्या कार्डं वाटाचे हायेत." तो बसला नाही. तो तिच्यासमोर कधीच बसत नसे. टोपी काढून त्याने हातात धरली, पुन्हा घातली. "प्रिंटच्या आधी एक पाह्यता का मॅडम? माह्या पोरीचं."

कामिनीचं. अरुंधतीला ठाऊक होतं. दर थंडीत पोरीचे पाय दुखायचे, डोळे पिवळट दिसायचे, मागच्या जानेवारीत तर ती अंथरुणातून उठलीच नव्हती. शालिकरामने गावागावातल्या लोकांना तपासून घ्या, तपासून घ्या म्हणून सांगितलं आणि घरच्या पोरीचा नमुना मात्र यंदा दिला, सगळ्यात शेवटी. माणूस घाबरला की असंच करतो. "शुक्रवारी पोलीस भरतीचं ग्राउंड हाय तिचं," तो म्हणाला. "वर्षभर तयारी करून राहिली. मी म्हटलं, निकाल येऊ दे, मंगच धाव. कायी असलं तं कशाले जिवावर उदार व्हाचं? तं घरी नुसती रडून राहिली. बोलत नाही माह्याशी."

अरुंधतीने नाव टाइप केलं. ओळ सापडली. कामिनी शालिकराम, गाव, वय, आणि शेवटी दोन. त्या दोनाकडे ती बघत राहिली. काही क्षण तिला तो आकडा वाटलाच नाही, मान वाकवून बसलेलं कुणीतरी वाटलं. शालिकराम तिच्या खांद्यावरून वाकला. त्याच्या अंगाला बिडीचा आणि गवताचा वास येत होता. त्याचे ओठ हलले.

"दोन," तो म्हणाला. "दोनच हाय ना मॅडम?"

"दोन आहे," अरुंधती म्हणाली.

"म्हनजे पिवळं. वाहक." आणि तो खुर्चीवर बसला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, न विचारता, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. तिला वाटलं आता तो रडेल, पण त्याने खिशातून फोन काढला. "कामिने! हव वं, आला. पाह्यला मी, मॅडमसमोर पाह्यला. दोन हाय. कायी नाही तुले, नुसती वाहक हाय तू. थंडीनंच दुखत असन पाय. धाव वं आता. मन भरून धाव." पलीकडून काहीतरी किंचाळल्यासारखं ऐकू आलं आणि तो हसला, दात पडलेल्या तोंडाने, अरुंधतीकडे बघून, तिलाही त्या हसण्यात घेत. ती हसली. हसू आलंच तिला. समोरचा हसला की येतं, त्याला काय करणार?

सांगायला हवं होतं ते त्याच वेळी. जीभ टाळूला लागलेली होती, शब्द तयार होते: थांबा शालिकराम, ही फाइल. पण हे म्हटलं की तो गौरांगकडे जाईल, गौरांग इअरफोन काढेल, अरे यार म्हणेल, बोटं चालवेल आणि नवी फाइल येईल. कुणाला कळणारही नाही. म्हणजे तिचा शुक्रवार संपला. एकट्या कामिनीची ओळ दुरुस्त करता येत नव्हती. ती केली तर सगळ्याच कराव्या लागतील. असा विचार तिच्या मनात आला, आणि आला तेव्हा तो फार शहाणा वाटला.

प्रिंटरमधून निघालेले कागद शालिकराम एकेक करून बघत होता. "यंदा तीन लई दिसून राहिले, मॅडम. काहून असं?"

"आता तपासणी जास्त बारीक होते ना," अरुंधती म्हणाली. जिभेला जरासुद्धा जड गेलं नाही.

"हां. तसं असन," तो म्हणाला आणि कागदांची गुंडाळी करून निघाला.

प्रताप नगरच्या घरी गिरिधरने शेंगा सोलून वाटीत काढल्या आणि एकेक दाणा तोंडात टाकत राहिला. निवृत्त झाल्यापासून तिच्या नवऱ्याला खाणं आणि विचारणं ही दोनच कामं होती. "काय गं, आज मोठी खुशीत दिसून राहिली," तो म्हणाला. "शालिकरामने दिल्या वाटतं शेंगा. भला माणूस. त्याच्या पोरीचं काय झालं मग? निकाल येणार होता ना?"

"आला."

"मग?"

"दोन आला."

"दोन म्हणजे बरं की वाईट?"

"दोन म्हणजे दोन," ती म्हणाली, आणि टरफलं गोळा करून उठली. गॅलरीत उभी राहिली तेव्हा थंडी चांगलीच झोंबत होती. तिने पदर खांद्यांवरून घेतला. उद्या गावागावात लाल कार्डं जातील. रडतील लोक. रडू देत, शुक्रवारी आपणच सांगू की चूक झाली, तुम्ही धडधाकट आहात. तेव्हा पाया पडतील. दुःख देऊन परत काढून घेतलं की लोक उलट उपकार मानतात. हे सगळं तिने अगदी व्यवस्थित लावलं, कपाटात साड्या लावाव्या तसं. कामिनी तेवढी कुठे बसेना. एक मुलगी धावेल, धापा टाकेल, थांबेल. वर्षभर धावतेच आहे की. इतके दिवस काही झालं नाही, ते एका सकाळी कशाला होईल? पण आकडेवारीत आयुष्य घालवलेल्या बाईला असलं वाक्य स्वतःशी म्हणताना लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटली. लाज वाटली म्हणून ती आत गेली आणि टीव्ही मोठा केला.

गुरुवारी दुपारी तिने फोन उचललाच. ठरवून उचलला. शालिकरामला एवढंच सांगायचं: थंडी फार आहे, पोरीला नका धावू देऊ, पुढच्या भरतीला बघू. फाइलीचं नाव काढायचं नाही. असं करता येत होतं, आणि हे कालच सुचलं नाही याचा तिला रागही आला. फोन लागला. मागे माणसांचा गलका होता, कुणीतरी बाई हेल काढून रडत होती.

"बोला मॅडम! वाटून राहिलो कार्डं. लालवाल्याइच्या घरी तं मयतासारखं हाय. एक माय पोराले पोटाशी धरून बसली, सोडतच नाही. मी समजावून राहिलो, म्हटलं औषध हाय, घाबरू नका." त्याचा आवाज बसला होता, पण त्या बसलेल्या आवाजाखाली आनंद होता, लपवूनही न लपणारा. दुसऱ्यांच्या घरी मयत आणि आपल्या घरी पिवळं कार्ड, असा आनंद माणसाला कुणासमोर दाखवता येत नाही. त्याने तो तिला दाखवला. "कामिनीनं शेजारणीकडून पैसे घेऊन बूट आनले नवे. सकाळपासून पायातून काढले नाही."

अरुंधतीच्या हातात फोन गरम झाला होता. थंडी फार आहे, हे शब्द ओठांपर्यंत आले. मग तिला दिसलं की हा विचारेल, काहून मॅडम? आणि मग काय सांगणार? काचेपलीकडे गौरांग उद्याच्या स्लाइड बघत होता. त्याने मान वर केली, तिच्याकडे बघून अंगठा दाखवला.

"शेंगा छान होत्या," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

शुक्रवारी ती उजाडायच्या आधीच जागी झाली. चहाचं आधण ठेवलं आणि गॅसच्या निळ्या ज्योतीकडे बघत असताना तिला मैदान दिसलं. धुकं, चुन्याच्या रेघा, छातीवर नंबर लावलेल्या मुली. आता धावत असतील. पूर्वी तिने मेडिकल कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली ते रक्त पाहिलं होतं. गोल गोल पेशी आणि मध्येच ते बारके वाकडे विळे, एकमेकांत अडकून बसलेले, आणि मागून येणाऱ्या सगळ्यांची वाट अडवणारे. चहा उतू गेला. तिने ओटा पुसला आणि निळ्या काठाची ठेवणीतली साडी नेसली.

अकराला बैठक सुरू झाली. पाहुण्यांना संत्री सोलून दिली होती. खोलीभर सालींचा वास. उत्तराबाईंनी प्रस्तावना केली, गौरांगने फाइल उघडली, आणि ते तीन भिंतीवर उभे राहिले, बुधवारपासून तिच्याजवळ असलेले, आता सगळ्यांचे झालेले. तिने हात वर केला. आवाज तिला हवा होता तसाच निघाला, हळू, विचारल्यासारखा. "गौरांग, हे तीन इतके कसे रे?" गौरांगने पडद्याकडे पाहिलं. ती थांबली नाही. न नंतर काय येतं, र आधी की व आधी, सगळं तिने त्याला विचारलं, एकेक. त्याच्या गालावरचा रंग उतरला. अगदी तिने मनात पाहिला होता तसा उतरला, आणि ती तो नीट बघून घेणार तोच त्याने कपाळावर हात मारला आणि मोठ्याने म्हणाला, "ओ तेरी! य, र, ल, व!"

पुण्याचे पाहुणे हसले. एक म्हातारे गृहस्थ तर म्हणाले, "वा, म्हणजे मशीनला मराठी येतं तर!" आणि सगळेच हसले, गौरांगही. हसता हसता त्याची बोटं चालू होती. तिथेच, भिंतीवर, सगळ्यांदेखत त्याने एका ओळीत क्रम लिहिला, निरोगी, वाहक, रुग्ण, दुसऱ्या ओळीत फाइल पुन्हा काढली, आणि रकान्यात आकड्यांच्या जागी शब्द आले. संपलं. अरुंधतीने तीन दिवस उराशी धरून ठेवलेली गोष्ट एवढीच होती. "काय पकडलंत, मॅडम," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत खरंखुरं कौतुक होतं. "तुम्ही नसत्या तर माझी तर वाट लागली होती. प्लीज, मॅडमसाठी टाळ्या." टाळ्या झाल्या. संत्र्याचा रस लागलेले चिकट हात, त्यामुळे बुळबुळीत वाजल्या. तिला उभं राहावं लागलं.

"पण तुम्हाला दिसलं कधी?" उत्तराबाईंनी विचारलं.

"आत्ताच," अरुंधती म्हणाली. "पडद्यावर मोठं दिसलं ना."

मग उत्तराबाईंचा चेहरा बदलला. फील्डला ही फाइल गेली का, त्यांनी विचारलं. गौरांगचं हसू तोंडावरच राहिलं. "शालिकरामला ताबडतोब सांगायला हवं. तुम्हीच करा फोन, अरुंधतीताई, तुमचं ऐकतो तो," उत्तराबाई म्हणाल्या, आणि पाहुण्यांकडे वळून दुसरं काहीतरी बोलू लागल्या.

ती बाहेर जिन्यापाशी आली. फोन बराच वेळ वाजत राहिला.

"हां मॅडम." मागे लोखंडी चाकांचा खडखडाट होता. "दवाखान्यात हाय मी. पोरगी पडली ग्राउंडवर. शेवटच्या चक्करले पडली. पाय, छाती, सारं दुखून राहिलं तिचं, दम घेता येऊन नाही राहिला. डॉक्टरनं विचारलं सिकल हाय का. मी कार्ड दाखवलं. म्हटलं नाही जी, नुसती वाहक हाय. तं ते दुसरंच कायी पाहून राहिले."

"शालिकराम, ती वाहक नाही. रुग्ण आहे. डॉक्टरांना लगेच सांगा."

"पन दोन होतं ना मॅडम. आपन दोघांनी पाह्यलं."

हाच तो क्षण, हे तिला कळत होतं. एखादी गोष्ट अजून आपल्या हातात आहे हे इतकं स्वच्छ तिला आयुष्यात कधी कळलं नव्हतं. "या फाइलीत दोन म्हणजे रुग्णच होतं," ती म्हणाली. "फाइल बरोबर होती. तुम्ही जुन्या सवयीने वाचलंत."

"मी विचारलं होतं तुमाले, तीन काहून..." तो थांबला. ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. तो काय म्हणेल याची तिला भीती वाटली, अगदी लहानपणची. "नाही," तो म्हणाला. "तुमी तं फक्त दोन म्हटलं. वाहक मीच म्हटलं. माह्यंच चुकलं, मॅडम. पोरीच्या खुशीत ध्यान नाही राह्यलं. लोकाइले पन भलतेच कार्डं देऊन आलो मी. घरोघरी जातो, वापस घेतो, हात जोडतो सगळ्याइले. माफ करा मॅडम." मग आवाज फोनपासून लांब गेला. "डॉक्टर! ओ डॉक्टरसाहेब! सिकल हाय तिले! माह्यं चुकलं जी, तिले सिकल हाय!" फोन कुठेतरी ठेवला गेला असावा, कारण तो बंद झाला नाही, कुणीतरी पोरगी कण्हत होती, कामिनीच की दुसऱ्या खाटेवरची कुणी ते कळत नव्हतं. अरुंधतीने फोन कानापासून काढला आणि बटण दाबलं.

ती आत आली तेव्हा पाहुणे चहा घेत होते. गौरांग दारापाशीच उभा होता, चेहरा पांढराफटक, नखं खात. "काय म्हणाला?" उत्तराबाईंनी हळूच विचारलं.

"त्याने चुकीचं वाचलं," अरुंधती म्हणाली. "माफी मागत होता."

गौरांगने सुटकेचा श्वास टाकला आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली. ती बसली. कामिनी कशी आहे, हे कुणी विचारलं नाही. कामिनी कोण हेच तिथे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.